उजवा कौल

सोलापूरच्या भवानी पेठेत मल्लिकार्जुन किराणावाल्याच्या दारात गर्दी लोटली होती. आत त्याची लेक अक्षता पाटावर बसवलेली. केस पांढरेशुभ्र, कातडी दुधासारखी, डोळे सारखे डावी-उजवीकडे हलणारे. शेजारी अण्णाराव महाराज.

"आई डोळ्यांत नाचती बघा! इचारा, कौल देती. मान उजवीकडं वळली की व्हय!"

मी डोळ्यांची डॉक्टर. असल्या गर्दीत शिरायचा आता मनापासून कंटाळा येतो. एक महाराज उठवला की दुसरा बसतो. पण अक्षताच्या आईनं, सिद्धेश्वरीनं, रडत फोन केला होता. पोरीचं नाव शाळेतून काढून तिला महाराजांच्या मठात ठेवायचं घाटत होतं.

एका बाईनं विचारलं, "सुनंला दिवस राहतील का?" महाराजांनी बेलाचं पान पोरीसमोर धरलं. मान उजवीकडे वळली, डोळे स्थिरावले. लोकांनी हात जोडले. पुढच्या माणसाला महाराज नकार देणार होते, तेव्हा पान खालीच राहिलं. मान हलली नाही.

मी पुढे झाले, पिशवीतला बिस्किटाचा पुडा पोरीसमोर धरला आणि विचारलं, "आई, सोलापूर अमेरिकेत आहे का?"

मान उजवीकडे वळली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काय बघतेस गं, अक्षता?"

"नाव वाचतीया. क्रीमचं हाय की!"

"आईची चेष्टा? डोळं फुटतील!" महाराज गरजले.

"फुटू देत. दवाखाना माझाच आहे."

मग नेहमीचं सांगणं सांगितलं. हिच्या अंगात रंगद्रव्य कमी, जन्मापासून. त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावरची बारीक बघायची जागा नीट घडत नाही. प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी निम्मे पलीकडच्या बाजूला जातात, निम्मे आपल्याच बाजूला राहतात. हिचे बहुतेक सगळेच पलीकडे जातात, मागावर ताणा चुकीचा भरावा तसे. नजर अधू, म्हणून डोळे हलतात. मान वळवली की ते कमी हलतात, जरा स्पष्ट दिसतं. एवढाच कौल.

मल्लिकार्जुन पुटपुटला, "म्हंजी डॉक्टरबाई, ही देवी न्हाय?"

"तुमची पोर आहे."

महाराज पान तिथंच टाकून निघाले. चार भक्त त्यांच्या मागे गेलेच. मला नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. बाबांनो, हात जोडण्याआधी एकदा विचारून तरी बघा.

अख्ख्या पेठेनं या पोरीला आपलं नशीब विचारलं होतं. मी विचारलं, "शाळेत फळ्यावरचं दिसतं का गं?"

"न्हाय. म्होरल्या बाकावर बसू का?"

सिद्धेश्वरीनं तिला पाटावरून उचलून घेतलं. "बस की गं. उद्यापासनं बस."