आबाजींची शंभर टक्के हजेरी

दामिनीचं बी.ए. संपलं होतं, फक्त ते पूर्ण झालं नव्हतं. म्हणजे इतिहास झाला, राज्यशास्त्र झालं, मराठी तर आपोआपच झालं. राहिले होते दोन क्रेडिट. क्रेडिट म्हणजे काय हे कॉलेजात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण ते कमी पडलं की डिग्री अडते यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते ऑनलाइन कोर्स करून मिळवायचे होते. कोर्सचं नाव ‘तंत्रज्ञान आणि समाज’. तिला खरं तर ‘मत्स्यपालनातील नीतिमूल्ये’ घ्यायचा होता, पण तो भरला होता.

भंडाऱ्याच्या बी.एड. कॉलेजात तिचा नंबर लागल्यातच जमा होता. मे संपायच्या आत या कोर्सचं प्रमाणपत्र दाखवलं की जागा तिची. नाही दाखवलं तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीची, आणि दामिनी वर्षभर घरी पवनीत बसून कांड्या भरणार. कांड्या भरणं म्हणजे मागावरच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं. हे काम ती पाचवीपासून करत आली होती आणि त्याचं तिला कुणी अर्धंही क्रेडिट दिलं नव्हतं.

पोर्टलची पहिली अट अशी की विद्यार्थ्याने एक जागा ठरवायची, मागे पांढरी भिंत हवी, आणि परीक्षेपर्यंत त्याच भिंतीसमोर बसायचं. जागा बदलली की नोंदणी रद्द. दामिनीच्या घरात पांढरी भिंत एकच होती, मागाच्या खोलीतली. आबाजींच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, तेरवीला चुना मारला होता म्हणून ती पांढरी होती. आणि तेरवी होती म्हणूनच तिच्यावर आबाजींचा हार घातलेला फोटो होता.

दामिनीने मोबाइल मागाच्या लाकडाला टेकवला आणि भिंतीला पाठ करून बसली. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली. मग जरा थांबून, विचार केल्यासारखं करून, तिच्या खांद्यामागे आबाजींच्या चेहऱ्याभोवतीही आली. खाली अक्षरं उमटली: ‘दोन व्यक्ती आढळल्या. दुसऱ्या व्यक्तीने कृपया बाहेर जावे.’

आबाजी काही गेले नाहीत.

“बाबा, फोटो जरासा काढून ठेवू काय?”

चंद्रभानने माग थांबवला. “बरसी झाली काय?”

“नाही.”

“मंग?”

तेरवीला ठोकलेला फोटो बरसीपर्यंत, म्हणजे वर्षश्राद्धापर्यंत, हलवायचा नाही ही त्या घरातली रीत. हलवला तर काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी हलवलाच नव्हता.

“फडकं टाकते मंग वरून.”

“टाक,” तिची आई गीताबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. “एकदा कपडा टाकला तोंडावर तं घाटावर नेऊन आलो. आता दुसऱ्यांदा कुठं नेता?”

“मंग उलटा करते.”

“जिंदगीभर कोणाले पाठ नाही दाखवली त्या माणसानं,” चंद्रभान म्हणाला. हे खरं नव्हतं. भजनी मंडळात भांडण सुरू झालं की सर्वांत आधी आबाजींचीच पाठ दिसायची. पण मेलेल्या माणसाच्या बाबतीत दामिनीने वाद घातला नाही.

शेवटी सेवकराममामाला बोलावलं. बस स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. फॉर्म भरण्यात मामाचा हात कुणी धरत नसे. भरलेल्या फॉर्मचं पुढे काय होतं हे मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने मोबाइल हातात घेतला, डॉक्टरसारखा हुंकार दिला.

“दोन पर्याय हायेत. एक, ‘व्यक्ती बाहेर गेली’. दाबू?”

“दाबा.”

पोर्टलने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. ‘व्यक्ती बाहेर गेलेली नाही. कृपया खोटी माहिती देऊ नये.’

चंद्रभानला हे लागलं. त्याने पट्टी लावून मोजलेलं कापड कुणी परत मोजत नसे. “खोटं कायले बोलाचं गा? घरात माणूस बसला हाय, तं कोण हाय ते सांगाले काय होते? पाव्हणा आला तं आपण आधी घरच्या बुढ्याची ओळख करून देतो का नाही?”

“दुसरा पर्याय तोच हाय भाटवे,” मामा मेहुण्याला म्हणाला. “‘व्यक्तीची ओळख द्या.’”

ओळख दिली. श्यामराव, राहणार पवनी, वय चौऱ्याऐंशी. ओळखपत्र जोडलं.

“शिक्षण?”

“दुसरी,” चंद्रभान म्हणाला. “अर्धी.”

पोर्टलवर फुगे उडाले. ‘स्वागत आहे, श्यामराव! शिकायला वय नसते.’

गीताबाईने बाहेर येऊन फुगे पाहिले आणि हात जोडले. का जोडले ते तिलाही सांगता आलं नसतं.

कोर्स सुरू झाला आणि दामिनीला काही कळेना. व्हिडिओतले सर विचारायचे, “तंत्रज्ञान समाजाला घडवतं, की समाज तंत्रज्ञानाला?” मग म्हणायचे, “याचं उत्तर आपण पुढच्या व्हिडिओत पाहू.” पुढच्या व्हिडिओत ते विचारायचे, “मागच्या व्हिडिओत आपण काय पाहिलं?” दामिनी दोन्ही व्हिडिओ लागोपाठ लावून पाही, उलट क्रमाने लावून पाही. उत्तर मधल्या फटीत कुठेतरी पडलं असावं.

शिवाय पोर्टल विद्यार्थ्यांचं लक्ष मोजायचं. दामिनी वहीत लिहायला खाली बघे, आईने हाक मारली की मान वळवे, सुतावर मांजर बसलं की उठे. तिच्या नावापुढे आलं, ‘लक्ष: मध्यम.’ आबाजींच्या नावापुढे आलं, ‘लक्ष: उत्कृष्ट. हजेरी: शंभर टक्के. विद्यार्थी पापणीही न लववता ऐकतात.’

“जित्तेपणी दोन मिनिटं एका जागी बसत नोहते,” गीताबाई म्हणाली. “आता सुधरले.”

चाचण्यांचं आणखी वेगळं. चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत. दामिनी सगळे प्रश्न सोडवायची, त्यामुळे ती शून्याच्या खाली गेली. आबाजी एकही सोडवत नसत, त्यामुळे ते शून्यावर टिकून राहिले. आणि सगळा महाराष्ट्रच दामिनीइतका गोंधळलेला असल्यामुळे महिन्याभरात शून्य गुण मिळवून आबाजी कोर्सात पहिल्या दहात आले.

यात चंद्रभानचाही थोडा हात होता. पोर्टलवर चर्चेचा एक भाग होता, तिथे प्रश्न टाकत आणि विद्यार्थ्यांनी मतं द्यायची. आबाजींच्या नावाची जागा रिकामी दिसते हे काही त्याला बघवेना. पहिला प्रश्न होता, ‘तंत्रज्ञानामुळे माणसे जवळ आली का?’ चंद्रभानने एका बोटाने टाइप केलं: ‘पवनीहून भंडारा तेवढाच दूर आहे. श्यामराव.’

त्याला कुठल्या कुठल्या गावच्या पोरांचे अंगठे आले.

पुढचा प्रश्न, ‘यंत्रामुळे तुमचा रोजगार गेला का?’ उत्तर: ‘गेला नाही. रोज सकाळी येतो, आमच्याजवळ बसतो. फक्त पैसे देत नाही. श्यामराव.’ यावर सोलापूरच्या एका मुलीने लिहिलं, ‘आजोबा, तुम्ही ग्रेट आहात.’ एकाने नोट्स मागितल्या.

मग चंद्रभानचं मागावर लक्ष लागेना. हातात धोटा तसाच, नजर भिंतीवर.

“बाबा, काय करून राहिले?”

“आबाजी काय म्हणले असते त्याचा इचार करून राहिलो,” तो म्हणायचा. “कसं हाय पोरी, बसलं ना इथं, का त्यायचं बोलणं आपोआप आठवते.”

 यावर काय बोलावं ते कोर्सात नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी पोर्टलवर सूचना आली: ‘एका नोंदणीवर एकच प्रमाणपत्र. लक्ष व गुणांनुसार मुख्य विद्यार्थी: श्यामराव. सहायक: दामिनी. सहायकास क्रेडिट मिळणार नाही.’

दामिनीने ते तीनदा वाचलं आणि कॉलेजातल्या मधुकरराव सरांना फोन लावला. ऑनलाइन कोर्सचं काम सरांकडे होतं, कारण मीटिंगला ते गैरहजर होते तेव्हा ते त्यांना दिलं गेलं होतं.

“सर, आबाजींना काढून मला मुख्य करा ना.”

“अगं, असं ज्येष्ठ विद्यार्थ्याला कसं काढता येईल?”

“सर, ते वारले.”

“अरेरे! कधी?”

“दिवाळीत.”

सरांनी बोटांवर महिने मोजले असावेत. “मग जानेवारीत ॲडमिशन कशी घेतली?”

“फोटोनं घेतली, सर.”

“फोटो तर सगळ्यांनीच लावला,” सर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की दुरुस्ती फक्त पोर्टलच करू शकतं, आणि पोर्टलचा फोन नंबर पोर्टलवर आहे. तो तिथे नव्हता.

सेवकराममामाने शेवटी आबाजींचा मृत्यूचा दाखला अपलोड केला. “आता याच्यापुढं काय पुरावा पाह्यजे?” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं:

‘प्रिय श्यामराव, आपल्या कुटुंबातील श्यामराव यांच्या निधनाबद्दल आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. आपल्याला तोंडी परीक्षेसाठी पंधरा दिवसांची मुदतवाढ देण्यात येत आहे.’

“भेटले तं घे ना पंधरा दिवस,” गीताबाई म्हणाली. “अभ्यास कर.”

पण त्या पंधरा दिवसांनी परीक्षा थेट मेच्या शेवटच्या दिवसांत जाऊन पडली. आता जे होईल ते त्या तोंडी परीक्षेत. तिथे आबाजी पास झाले तर दामिनीची जागा गेली, आणि आबाजी नापास झाले तरी गेलीच.

परीक्षेच्या सकाळी मामा दारात उभा, गीताबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, चंद्रभान पाय सोडून विणायला बसायच्या मागाच्या खड्ड्याजवळ, सगळे कॅमेऱ्यात येणार नाहीत असे. दामिनी भिंतीसमोर. स्क्रीनवर एक मॅडम आल्या. ही कोर्समध्ये भेटलेली पहिली जिवंत व्यक्ती.

“नमस्कार, श्यामराव,” मॅडम म्हणाल्या.

चंद्रभानने फोटोकडे पाहिलं.

“श्यामराव, माझा आवाज येतोय का?”

“मॅडम,” दामिनी म्हणाली, “ते फोटो आहेत.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, लावला, स्क्रीनजवळ आल्या. त्यांचं नाक मोठं दिसू लागलं. “हार कशाला घातलाय, असं मला वाटतच होतं. मी म्हटलं सत्कार झाला असेल.” मग त्यांचा आवाज उतरला. “आणि ते चर्चेत लिहायचे ते? रोजगार जवळ येऊन बसतो ते? मी ते माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं होतं.”

“ते पण आबाजीच. म्हणजे बाबा.”

चंद्रभान आपल्या पायांकडे पाहू लागला.

“हे बघ,” मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडे दोनच बटणं आहेत. उपस्थित आणि अनुपस्थित. उपस्थित दाबलं तर सगळे प्रश्न मला त्यांनाच विचारावे लागतील. अनुपस्थित दाबलं तर नियमाने सहायक मुख्य विद्यार्थी होतो. पण चौकट तर त्यांच्याभोवती दिसतेय. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाने समोर येऊन सांगायचं की ते अनुपस्थित आहेत. रेकॉर्ड होतं.”

सगळ्यांनी चंद्रभानकडे पाहिलं. दिवाळीपासून त्याने तसं वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. तेरवीच्या पत्रिकेचा मजकूरही मामाने सांगितला होता. बाजारात कुणी विचारलं की तो “घरी या ना” एवढंच म्हणायचा. लोक तसे यायचेही, फोटोसमोर बसायचे, चहा पिऊन जायचे.

तो उठून दामिनीच्या बाजूला येऊन बसला. ‘तीन व्यक्ती आढळल्या,’ पोर्टल म्हणालं.

“मॅडम, हे माहे वडील,” चंद्रभान म्हणाला.

“हो.”

“हे...” तो दामिनीकडे वळला. “दामिनी, पाणी दे.”

“मले उठता नाही येत, बाबा. नोंदणी जाईल.”

उंबऱ्याकडून गीताबाईचा हात पेला घेऊन आत आला. ‘अनोळखी हात आढळला,’ पोर्टल म्हणालं. चंद्रभान पाणी प्यायला, त्याने पेला मांडीत धरून ठेवला. त्याने एकदा दामिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती, लक्ष मध्यम.

“हे नाहीत,” तो म्हणाला. “दिवाळीपासून नाहीत.”

मॅडमनी चष्मा सारखा केला. “माफ करा, पण कारण निवडावं लागतं. आजारी, प्रवासात, इतर.”

चंद्रभानने खरोखर विचार केला. मामा दारातून “प्रवासात म्हणा, भाटवे” असं कुजबुजला, पण चंद्रभानने मान हलवली.

“इतर,” तो म्हणाला.

मॅडमनी बटण दाबलं. आबाजींच्या चेहऱ्याभोवतीची हिरवी चौकट विझली. चंद्रभानने मोबाइलमध्ये पाहिलं, मग वळून भिंतीकडे पाहिलं, तिथलं काही गेलं की काय ते बघायला. मग तो उठून बाहेर ओसरीत गेला.

“दामिनी,” मॅडम म्हणाल्या, “तंत्रज्ञान समाजाला घडवतं, की समाज तंत्रज्ञानाला?”

दामिनी बोलायला लागली. काय बोलली हे तिला नंतर एक शब्दही आठवेना. कोष्ट्यांचे माग आले, पोर्टल आलं, मांजर तर नक्की आलं. मॅडम शेवटी म्हणाल्या, “मलाही असंच वाटतं,” आणि त्या सुरावरून कळत होतं की त्यांना काहीही कळलेलं नाही, पण वेळ संपली आहे.

संध्याकाळी निकाल आला. दामिनी, उत्तीर्ण, काठावर. मामा प्रिंट काढायला सेंटरकडे पळाला, कारण उद्याच भंडाऱ्याला जायचं होतं. गीताबाईने साखर आणली. चंद्रभान ओसरीत बसूनच होता. त्याने साखर तोंडात टाकली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बऱ्याच वेळाने, सहज विचारल्यासारखं विचारलं,

“आबाजीचं काय लागलं?”

“अनुपस्थित लागलं, बाबा.”

“नापास तं नाही ना?”

“नाही. नापास नाही.”

“मंग ठीक हाय,” चंद्रभान म्हणाला, आणि उठून मागाच्या खोलीत गेला.