कुसाबाईंचा गोळ्यांचा डबा

आमच्या सायखेड्याच्या घरात कॅप्सूलचा मान प्रसादाएवढा. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या माझ्या सासूबाई, कुसाबाई, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायच्या. सासऱ्यांना कणकण आली, काढ कॅप्सूल. माझ्या नवऱ्याला, शेखरला, दोन शिंका आल्या, काढ कॅप्सूल. दिराच्या बोटाला विळा लागला तर कॅप्सूल फोडून भुकटी जखमेवर. माझ्या बोटाला लागला तर हळद, आणि ताप आला तर आल्याचा चहा. "सुनंवर कशाला वाया घालवायची," असं त्या माझ्यासमोरच म्हणायच्या. गोळीचं मला काही नव्हतं, पण ते बोलणं लागायचं.

यंदा सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन नाशिकच्या दवाखान्यात झालं. जखम भरली, पण ताप हटेना. रक्तात पुन्हा पुन्हा तेच जंतू सापडत आणि एकेक औषध त्यांच्यापुढे हात टेकत गेलं. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाले, हे जंतू आतड्यात मुक्काम ठोकून आहेत. तिथले चांगले जंतू औषधांनी मेले, म्हणून यांना रान मोकळं मिळालं. निरोगी माणसाच्या विष्ठेतले चांगले जंतू नळीने आत सोडून बघू. खात्री नाही, पण दुसरं काही उरलेलंही नाही. घरातलं माणूस चालेल, फक्त त्याने गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको.

शेखरने मान खाली घातली. दीर खिडकीबाहेर बघू लागला. त्या डब्यातून आमच्यातलं कोण सुटलं असणार?

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "उज्वले, तू तर खाल्ली नाय ना?"

"तुम्ही दिलीच कुठं, आत्याबाई."

मी रागानेच बोलले. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि डॉक्टरांसमोरच रडल्या. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

माझ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते क्षीण हसले. "पोरी, आता एवढंच घ्यायचं राहिलं होतं तुझ्याकडून." उपचार झाला आणि ताप उतरू लागला. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, हे पुन्हा करावं लागेल, तोवर आम्हाला विचारल्याशिवाय कुठलीही गोळी घ्यायची नाही.

घरी आले तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. ओट्याला टेकून उभी राहिले. सासूबाईंनी फळीवरचा डबा काढला, कॅप्सूल तळहातावर घेतली आणि माझ्यापुढे धरली. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"घे माय. तुला कधी दिली नाय मी."

डोकेदुखीला ती कॅप्सूल काही कामाची नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ती मला हवी होती. या घरात आले तेव्हापासून हवी होती.

"नको, आत्याबाई. मामंजींना पुन्हा एकदा द्यायचंय."

मग कॅप्सूल डब्यात टाकून त्यांनी झाकण लावलं आणि टोपलीतून आलं काढलं.

"आल्याचा चहा तरी चालंल ना गं तुला?"

"चालेल," मी म्हणाले. तो चहा त्यांनी मला आजवर कधी विचारून दिला नव्हता.