बाटली नंबर सात

"सर, बरोबर उत्तर बरोबर आहे, हे कोण तपासतं?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. मी कशाला घाबरतेय? प्रयोगशाळेच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

प्रत्येकीला नंबर घातलेली आम्लाची बाटली मिळाली होती. थोडं आम्ल मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचं, रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, अल्कली सोडायची. आम्ल संपलं की पाणी फिकट गुलाबी होतं. किती मिलिलिटरला झालं, ते लिहायचं. मी लिहिलं नऊ पूर्णांक सहा. प्रत्येक बाटलीचं बरोबर उत्तर आधीच बंद पाकिटात ठेवलेलं असतं; माझ्या पाकिटातही तेच निघालं. बाटल्या आणि पाकिटं भरतात प्रयोगशाळेतले काका, म्हणजे माझे बाबा. शाळेत मीही त्यांना काकाच म्हणते, तसं ठरलंय आमचं.

सर हसले. "आगाऊ कुठली. चल, तुझ्याच सात नंबरच्या बाटलीने तपासू."

नऊ पूर्णांक सहाला गुलाबी चमकलं. "बघा," मी ऐटीत मागे वळून म्हटलं. सरांनी फ्लास्क गोल फिरवला आणि रंग गेला. दहा पूर्णांक एकला आला तो मात्र टिकला. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा दहा पूर्णांक एक.

रंग अर्धा मिनिट टिकायला हवा, हे मला पाठ होतं. त्या दिवशी तो चमकला आणि मी लगेच लिहून मोकळी झाले. म्हणजे चूक माझी. पण माझीच चूक, दशांशासकट, पाकिटात कशी?

बेसिनपाशी काका कधीचे एकच परीक्षानळी धूत होते.

"बाटली बिघडली असेल," म्हणत सर फळा पुसायला लागले. स्पर्धेत दुसरी आलेली माझ्याच बाकावर बसते. तिचं उत्तर फक्त एका दशांशाने चुकलं होतं. तरी शाळेतर्फे पुढच्या स्पर्धेला मी जाणार होते.

घरी बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "पाकीट फोडून तुझा आकडा घातलेलं नवीन भरलं. रंग टिकेपर्यंत तू थांबली नाहीस, ते कपाटापाशी उभा राहून बघत होतो मी. तोंड एवढंसं झालं असतं तुझं."

"बापाचा जीव आहे तो," आई म्हणाली. "कोणाचं काय बिघडलं?"

"दुसरी आली, तिचं बिघडलं. आणि माझा हात किती स्थिर आहे, ते मी आठवडाभर गावभर दाखवत फिरले. बाबा, तुम्ही बघत होतात. हसतसुद्धा होतात."

बाबा चष्मा पुसत राहिले.

"उद्या पहिल्या तासाला मी सरांना सांगणार आहे, बाटली ठणठणीत होती. स्पर्धेला ती जाईल. तुम्हाला माझ्या आधी सांगायचं असेल, तर तास आठला सुरू होतो, काका."