अण्णांनी सोडलेलं दूध

स्वरूपाच्या पोटात दुखायला लागलं की तिच्या आजोबांना तिचा राग यायचा. आठ वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. पोट टम्म फुगायचं, मग संडासाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. आणि आजोबा, म्हणजे भावकू अण्णा, बाहेरच्या कट्ट्यावरून म्हणायचे, "नाटकं सगळी. शाळा चुकवायची असंल." तो दिवस बहुतेक वेळा रविवारच असायचा, पण असल्या गोष्टी अण्णा मनावर घेत नसत.

अण्णांचं गाव जांबोटीच्या रस्त्यावर, रानाला लागून. गोठ्यात म्हशी, समोर भातशेती, आणि गावच्या दूध संस्थेचं अध्यक्षपद. मुलगा नागेंद्र बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि बायको रचना व स्वरूपा यांच्यासह बेळगावात भाड्याने राहायचा. सुट्टी मिळाली की तिघं गावी जायची. रचना बेळगावातल्याच वडगावची, मागावर साड्या विणणाऱ्या घरातली. लग्न दोघांनी आपलं आपण ठरवलेलं. अण्णांनी ते मान्य केलं, पण आपण केवढं मोठं मन दाखवलं हे ते कुणाला विसरू देत नसत. "पाकिटातल्या दुधावर वाढलेली बाई," ते रचनासमोरच तिसऱ्या कुणाला तरी सांगत, "तिला दुधातलं काय कळतंय?"

गावात पाऊल ठेवलं की स्वरूपाच्या हातात पितळी पेला यायचा. काठोकाठ, धारोष्ण, आणि अण्णा समोर उभे. पेला रिकामा झाल्याशिवाय ते हलत नसत.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तपासण्याही केल्या. म्हणाल्या, "दुधातली साखर तिला पचत नसावी. दूध, खवा, आईस्क्रीम थोडे दिवस बंद करून बघा. नाचणी द्या, तीळ द्या." रचनाने बंद केलं आणि दुखणं थांबलं. पोर संध्याकाळी गल्लीत उड्या मारायला लागली. मग मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर पुन्हा पेला आला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

रचनाने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं तेव्हा अण्णा हसले. "ती पाकिटाच्या दुधाबद्दल बोलत असंल. आमची म्हस रानचं गवत खातीया."

नागेंद्र म्हणाला, "एक पेला पिऊ दे की. मी लहानपणी तांब्या तांब्या प्यालो. मेलो काय?"

आपण मेलो नाही, एवढ्या एका पुराव्यावर नागेंद्र जगातला कुठलाही प्रश्न निकालात काढायचा. रचनाने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे स्वतःचा अपमान आहे.

पावसाळा सरल्यावर दूध संस्थेचा वर्धापनदिन आला. संध्याकाळी कार्यक्रम होता, दुपारी बेळगावहून आलेल्या एका अधिकाऱ्याला अण्णांच्या घरी जेवण. बाहेर सोप्यात अण्णा, नागेंद्र, अधिकारी आणि संस्थेची चारदोन माणसं बसली होती. आत रचना पोळ्या लाटत होती आणि तिची सासू नागुबाई चुलीवर अण्णांचा कोरा चहा ठेवत होती. अण्णांना जेवणाआधी तो लागायचाच.

बाहेरून अण्णांचा आवाज येत होता. "साहेब, माझं व्रत हाय. संस्था काढली त्या दिवसापासनं मी दुधाचा थेंब तोंडात घेतला न्हाय. गावाची पोरं पिऊ देत, संस्थेला जाऊ दे. मी आपला कोरा चहा पितो."

"त्यागच म्हणायचा हा," अधिकारी म्हणाला.

हे व्रत गावात सगळ्यांना माहीत होतं. संस्थेच्या फलकावर अण्णांच्या फोटोखाली 'त्यागमूर्ती' असं छापलेलं होतं. रचनाही इतकी वर्षं ते खरं मानत आली होती.

नागुबाई चहा गाळताना पुटपुटली, "थेंब कशाला घेतील? घेतला की परसाकडं पळत्यात."

रचनाचं लाटणं थांबलं. "काय म्हणालात, आत्या?"

"त्यांना सोसत न्हाय गं दूध. पोरसवदा होते तवापासनं. पोट फुगतंय, कळा येत्यात. सासूबाई म्हणायच्या, बाहेर बोलायचं न्हाय, दुधाच्या घरातला गडी हाय."

"आणि स्वरूपाचं?"

"तिला त्यांचंच पोट आलंय." नागुबाईने सहज सांगितलं. "मला वाटलं तुला ठाव हाय."

"पोर एवढी कळवळायची आत्या, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मला कोण इचारतंय?"

नागुबाई चहाचा कप बाहेर नेऊन ठेवून आली. इतके दिवस रचनाला सासूची कीव यायची. ती आता यायची बंद झाली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "स्वरूपा, हिकडं ये. साहेबांना दाखव आपली पोरं कशी दूध पित्यात."

रचना पिठाच्या हातानेच बाहेर आली. स्वरूपा पेला दोन्ही हातांत धरून उभी होती आणि आईकडे बघत होती. रचनाने तो पेला तिच्या हातातून घेतला आणि अण्णांच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"आधी तुम्ही घ्या, मामा. मग ती घेईल."

अण्णांनी पेल्याकडे पाहिलं. "माझं व्रत हाय, तुला ठाव न्हाय?"

"एक दिवस मोडलं तर देव रागावणार न्हाय. पोट रागावतंय काय?"

अण्णांचा चेहरा काळवंडला. त्यांनी पेला बोटाने जरासा दूर सरकवला, जणू त्याचा वाससुद्धा सोसत नव्हता.

"नागेंद्र, बायकोला आत ने."

नागेंद्र अर्धवट उठला. "रचना, नंतर बोलू की."

"नंतर कशाला?" ती अधिकाऱ्याकडे वळली. आवाज चढवावा असंही तिला वाटलं नाही. "साहेब, ह्यांना दूध पचत न्हाय. माझ्या पोरीलाही पचत न्हाय. ह्यांच्या पोटात दुखलं तर त्याग, तिच्या पोटात दुखलं तर नाटक."

अधिकाऱ्याने घसा साफ केला. थोडा वेळ छताकडे बघून तो म्हणाला, "तुमच्या संस्थेच्या दुधाला फॅट मात्र चांगलं लागतं हो."

संस्थेच्या माणसांनी घाईघाईने मान डोलावली. कुणीतरी भाताचा विषय काढला. रचना त्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. ह्या माणसांच्या मर्जीसाठी आपण इतके दिवस पोरीला कळा सोसायला लावल्या, याची तिला किळस आली. तिने स्वरूपाची पिशवी भरली आणि दोघी निघाल्या. बस लवकर नव्हती, म्हणून फाट्यापर्यंत चालत गेल्या. वाटेत स्वरूपाने विचारलं, "आज्जा रागावला?" रचना म्हणाली, "रागावू दे."

नागेंद्र कार्यक्रमासाठी थांबला, कारण व्यासपीठावर त्यालाही खुर्ची होती. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्याने सांगितलं की अण्णांनी भाषणात व्रताचा उल्लेख केला आणि टाळ्या पडल्या. जणू त्यामुळे सगळं मिटलं होतं. रचनाने त्याला जेवायला वाढलं. स्वरूपाला दूध द्यायचं नाही, याबद्दल तो पुन्हा बोलला नाही. मात्र त्याला पटलं म्हणून तो गप्प बसलाय, असं तिने एकदाही मानलं नाही.

स्वरूपाचं दुखणं गेलं. गावात अण्णांनी सांगून ठेवलं की नातीला शहरातलं पाणी बाधलं होतं, आता उतार आहे.

दिवाळीला तिघं पुन्हा गेली. पेला आला नाही. अण्णा कट्ट्यावर पेपर धरून बसले होते, रचनाकडे बघतही नव्हते. स्वरूपा हळूच त्यांच्याजवळ जाऊन बसली. रचना दारात होती, तिला ऐकू आलं.

"आज्जा, तुझ्याबी पोटात लई दुखायचं व्हय रं?"

अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं. "गप बस."

"उशी पोटाशी घट्ट धरून पालथं पडायचं," पोर कुजबुजली. "मग जरा कमी होतंय."

अण्णा पेपरात बघत राहिले. कान लाल झाले होते. म्हातारा त्या घटकेला एकदम लहान दिसत होता. दुसरी एखादी सून हळहळली असती. रचनाला तसं काही वाटलं नाही. तिने पोरीला करंज्या खायला आत बोलावलं.