कव्हरवर कोनाचं थोबाड?

ऐक बे आधी, मधात बोलू नको.

आपली दामिनी माहीत हाय ना, अकोल्यात जुन्या शहरात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते ती? दिवसभर 'भावी नगरसेवक', खाली गोलागोलात शुभेच्छुकायची मुंडकी. कंटाळून गेली होती पोरगी. आन अशात तिले पुस्तकाचं कव्हर भेटलं. पहिलं! आतल्या पानावर छापून येनार, 'मुखपृष्ठ: दामिनी'. तिनं त आईले आधीच सांगून टाकलं.

कादंबरी अमरावतीच्या ओमप्रकाश सरांची. पुढच्या काळातलं एक शहर, तिथं हुकूमशहा, 'महानायक' म्हनतात त्याले. आभाळ दिसत नाही इतके त्याचे फोटो. काळा गॉगल, जोडलेले हात, गळ्यात झेंडूचा हार. येता-जाता फोटोले नमस्कार नाही केला की मानूस गायब. दामिनीनं अख्खी वाचली बरं, सरांच्या घरच्यायनंही नसन वाचली. आन कव्हर काय केलं? नुसती भिंत. फोटो उपटून नेल्यावर राह्यते ना, तसा पांढरा चौकोन आन चार खिळे. बस.

गेली अमरावतीले घेऊन. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बेटा, यात मी कुठी हाय?"

"तुमी मांगच्या कव्हरवर, सर."

"मांगं कोन पाह्यते? समोर पायजे. मोठा. आन खाली आमचे साळेबुवा घे, गोलात. प्रकाशनाचा मंडप त्यायचाच हाय."

"पन सर, कादंबरीत त तेच..."

"कादंबरी मी लिवली ना? तू चित्र काढ."

घ्या! फोटोवाल्या हुकूमशहावर दोनशे पानं बोंबलला, आन सोताले फोटोच पायजे.

दामिनीचं डोस्कं सनकलं. अकोल्याले आली, महानायकाच्या फोटोचं सरांचंच पाचवं प्रकरण उघडलं आन एकेक ओळ कव्हरवर बसवत गेली. सरांच्या डोळ्यावर काळा गॉगल. हात जोडलेले. झेंडूचा हार. खाली गोलात साळेबुवा. मांगं आभाळ नाहीच. हुबेहूब महानायक! देल्लं पाठवून. तिले वाटलं, आता मानूस लाजन, निदान चिडन तरी.

सरांचा फोन लगेच. "वा बेटा! आता कसं! गॉगल त लयच शोभून राहिला!"

सोताच लिवलेला राक्षस, आन त्याले ओळखूच नाही आला! झोपेत लिवलं होतं का बे?

आता प्रेसवाला स्वप्निल तिले विचारून राहिला, छापाले घेतो, तुहं नाव ठेवू का काढू? ठेवलं, त ज्यायनं पुस्तक वाचलं ते सरांवर पोट धरून हासतीन, आन ज्यायनं नाही वाचलं ते म्हनतीन, पोरगी बॅनरवालीच राहिली. वाचनारे किती, तुले माहीतच हाय. आन काढलं, त पहिलं कव्हर गेलं. आईले काय सांगावं?

"थांब जरासा," म्हनली त्याले. फोन हातात धरून बसली हाय.

सांग बे, तुनं काय केलं असतं?