उपटलेली केबल

“वाचून दोन ओळी लिही. वाईट वाटलं तरी लिही.” पत्रात एवढंच होतं, आणि अडीच वर्षं ते शब्दकोशात दाबून ठेवलेलं होतं. म्हाताऱ्या मुद्रितशोधकाला ते आत्ता पुन्हा आठवलं, कारण त्या पत्रासोबत आलेल्या हार्ड डिस्कची केबल पुतणी त्याच्या लिनक्सवाल्या संगणकात खुपसत होती.

“उघडत नाही गं ती. नको डोकं घालूस.”

“काका, परवा मला फोन करताना रडकुंडीला कोण आलं होतं?”

तोच आला होता. छापखान्यात तीस वर्षं शेजारी बसून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं म्हातारपणी कादंबरी लिहिली होती आणि ती या डिस्कवर त्याला वाचायला पाठवली होती. आता जुळाऱ्याचा संगणक जळाला आणि दुसरी प्रत नव्हती. तरी फोनवर जुळारीच माफी मागत होता. “तुझ्याकडे उघडत नाही म्हणजे मीच खराब डबी पाठवली. तुला नसता ताप. टाक फेकून.”

पुतणीनं काळ्या चौकटीत एक ओळ टाइप केली.

“ही बघा, यादीत दिसतेय. धडधाकट आहे, पण संगणक तिला आत घेत नाही.” तिनं दुसरी ओळ टाइप केली आणि हसली. “हात्तिच्या! मागच्या वेळी नीट बंद न करताच कुणीतरी केबल उपटलीय, म्हणून रुसलीय बाई. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी लावल्या आणि स्वतःच्या वेळी ही घाई! धन्य तुमचे मित्र.”

मुद्रितशोधकानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मग पुन्हा पुसला. गप्प बसला असता तरी निभावलं असतं.

“त्यानं नाही,” तो म्हणाला. “मी.”

ती वळली.

“उघडली होती मी. चाळीस पानं वाचली, आणि ओढली केबल.”

“इतकं वाईट होतं?”

आतल्या कपाटात त्याच्या स्वतःच्या कादंबऱ्यांच्या बारा सुरुवाती होत्या. एकीलाही दुसरं प्रकरण नव्हतं.

“चांगलं होतं,” तो म्हणाला. “फार चांगलं.”

पुतणी पुन्हा पडद्याकडे वळली. तिनं एक आज्ञा दिली, डिस्क उघडली, सगळं संगणकात उतरवून घेतलं आणि खुर्ची रिकामी केली.

“बसा. मी चहा टाकते.”

वाचायला त्याला चार दिवस लागले. पत्राचे तीन खर्डे झाले. तिन्हींत दोष यंत्राचा होता. चौथ्यात त्यानं लिहिलं: ‘डिस्क पहिल्याच दिवशी उघडली होती. चाळीस पानांत तुझी एक चूक सापडली नाही, ते मला सोसलं नाही. आता सगळी वाचली. तू लेखक आहेस. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.’

डिस्क पुतणी कुरिअरनं पाठवणार होती. पत्र मात्र तो स्वतः घेऊन गेला. टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून तो तसाच उभा राहिला.

“आजोबा,” मागून एक बाई म्हणाली, “टाकताय, की परत नेताय?”

“टाकतोय,” तो म्हणाला, आणि टाकलं.