एकोणपन्नास किलो सहाशे

"बूट काढा काका, आणि परत उभे राहा. काटा बिघडलाय बहुतेक," कंपनीच्या वार्षिक तपासणीला आलेले डॉक्टर म्हणाले.

शिवदासनं बूट काढले आणि परत उभा राहिला. काटा बिघडला नव्हता. त्यानं बुटांचं वजन तेवढं वजा केलं. त्रेचाळीस किलो आठशे.

मागं रांगेत सुपरवायझर हर्षद उभा होता. तो मान पुढं काढून म्हणाला, "काका, हे तुमचं वजन की तुमच्या टूलबॅगचं?"

रांग हसली. शिवदासही हसला. मग डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा कागद काढला. त्यावर सत्तावन्न लिहिलेलं होतं. हसणं तिथंच थांबलं.

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत शिवदासला सत्तावीस वर्षं झाली होती. दर लिफ्टमध्ये एक पाटी असते, सहा माणसे, चारशे आठ किलो. म्हणजे माणशी अडुसष्ट. ती पाटी त्यानं स्वतःच्या हातानं शेकडो वेळा बसवली होती. त्या पाटीच्या हिशोबानं आज तो दोन तृतीयांश माणूससुद्धा भरत नव्हता.

आपण बारीक झालोय हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती. पण तेव्हा त्याला वाटलं होतं, जुना पट्टा आहे, चामडं ताणलं असेल. तेरा किलो माणूस अंगावरून उतरून गेला आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्याला खरंच वाटेना.

"पन्नासच्या खाली साइटवर पाठवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी सगळ्या तपासण्या करा. तीन महिने देतो. तोपर्यंत हलकं काम. पन्नास भरले तर तुमचं काम तुमच्याकडे. नाही तर स्टोअर."

बाहेर आल्यावर हर्षद मस्करी विसरला होता. "काका, लोड टेस्टला वीस-वीस किलोची वजनं हातानं उचलून आत ठेवायची. मागच्या आठवड्यात तुम्ही तिसऱ्यालाच बसलात. मी कुणाला बोललो नाही. पण उद्या शाफ्टमध्ये चक्कर आली तर वाट लागेल ना."

"स्टोअरला कोण असतं?"

"कोणी नाय. स्पेअर पार्ट असतात."

शिवदासकडं मुलुंडच्या बेचाळीस लिफ्ट होत्या. त्याची बायको नंदा जाऊन सात महिने झाले होते. मुलगी संघमित्रा नाशिकला नोकरीला. कांजूरमार्गच्या त्याच्या खोलीत दिवसभरात कुणी त्याला हाक मारत नव्हतं. त्या बेचाळीस लिफ्टमध्ये मारायचे. कुणी दार उघडून चहा द्यायचं, कुणी विचारायचं, काय शिवदास, आज उशीर? ते गेलं की मग काही उरत नव्हतं. पगाराची त्याला एवढी काळजी नव्हती.

तपासण्या झाल्या. साखर, थायरॉइड, छातीचा फोटो, सगळं ठीक निघालं. म्हणजे आजार नव्हता. मग हे काय होतं, ते शोधायला डॉक्टरांनी त्याला आहारतज्ज्ञ जान्हवीताईंकडं पाठवलं.

जान्हवीताई संघमित्राच्याच वयाची होती. तिनं वही उघडली. "काय काय खाता?"

"सकाळी दोन भाकरी. रात्री दोन. भाजी, वरण."

"कमी झालंय का हल्ली?"

"नाही. लग्न झालं तेव्हापासून दोनच. कमी नाही नि जास्त नाही." हे तो जरा ताठ बसून म्हणाला. आपण मोजून खातो याचा त्याला आयुष्यभर अभिमान होता. लग्नाकार्यातही कुणी आग्रह केला तरी तिसरी भाकरी त्यानं कधी पानात पडू दिली नव्हती.

"आता करतं कोण?"

"स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रातून आणतो."

"उद्या एक घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यानं कागदात गुंडाळलेली भाकरी टेबलावर ठेवली. जान्हवीताईनं ती छोट्या काट्यावर टाकली. साठ ग्रॅम.

"काका, ही भाकरी? ही तर पापडाची मावशी आहे." मग तिनं विचारलं, "काकू केवढी करायच्या?"

शिवदासनं दोन्ही हात पुढं केले. हात लांब होत गेले. नंदाची भाकरी ताटाच्या कडेबाहेर यायची. जाड असायची, वर तूप, बाजूला शेंगदाण्याची चटणी. हात तसेच हवेत धरून तो बसला. रोज बघत होतो. रोज तोडून खात होतो. आणि सात महिने दोन म्हणजे दोनच असं धरून चाललो.

"तुमचं जेवण निम्म्यावर आलंय," ती म्हणाली. "आणि तुम्ही हिशोब बरोबर ठेवलाय."

तिनं कागदावर लिहून दिलं. सकाळी उठल्यावर भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. दोन अंडी. दुपारी डाळ घट्ट, पातळ नाही. चार वाजता केळं आणि दूध. रात्री दही. तळलेलं खाऊन वजन वाढवायचं नाही. वडापाव तर बिलकुल नाही.

"आणि नुसतं खाल्लंत तर पोट सुटेल, हातापायावर काही चढणार नाही. खुर्चीत बसायचं, हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून ढकलायचं. पाण्याच्या बाटल्या भरून उचलायच्या. आठवड्याला अर्धा किलो वाढलं तरी पुष्कळ. घाई नको. आणि भाकरी घरी करा."

"मला येत नाही."

"लिफ्ट येते ना? मग येईल."

पीठ दळायला तो रविवारी गिरणीत गेला. पाच किलो ज्वारी घेतली होती. गिरणीवाला अंबादास त्याला ओळखत होता, पण येणंजाणं नव्हतं. दळण कायम नंदानंच आणलं.

"जयभीम दादा. आज तुम्ही?" अंबादासनं डबा उघडून पाहिला. "ही नुसती ज्वारी. ही तर वहिनींची. तुमचा डबा कुठंय?"

"माझा कसला डबा?"

"अहो दोन डबे यायचे ना. एकात साधी ज्वारी. दुसरा तुमचा. त्यात ज्वारी, उडीद, हरभऱ्याची डाळ, भाजलेलं सोयाबीन. तुमचा आधी दळायचा, मग दुसरा. मिसळू नका म्हणून समोर उभ्या राहायच्या. आम्ही चेष्टा करायचो, दादांना कुस्तीला उतरवता काय." अंबादास हसत होता. मग त्याचं हसू बारीक झालं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

शिवदासनं मान हलवली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"माझे वडील गिरणीवर बसायचे तेव्हापासून. लग्नाच्या वेळी तुम्ही आजारातून उठला होता, लय वाळला होता, असं त्या एकदा बोलल्या होत्या. तिसरी भाकरी खात नाहीत, म्हणून दोनच भारी करते म्हणाल्या."

लग्नाच्या वेळी तो क्षयातून बरा होऊन उठला होता. एकेचाळीस किलो होता. वर्षभरात चौपन्न झाला. लोक म्हणाले, लग्न मानवलं. तोही तसंच म्हणायचा. एकतीस वर्षं म्हणत आला.

अंबादासनं ज्वारी चक्कीत ओतली. चक्की सुरू झाली. आवाजात तो मोठ्यानं बोलला, "शेवटी शेवटी मात्र एकच डबा यायचा."

"कुठला?"

"तुमचा. मी विचारलं, वहिनी, तुमचा नाही आणला? तर म्हणाल्या, मला हल्ली भाकरी गिळवत नाही, पेज घेते."

"हे कधी?"

"गणपतीच्या आसपास. बहुतेक त्याच्याही आधी."

शिवदासला चक्कीचा आवाज ऐकू येईना. नंदाला दवाखान्यात पहिल्यांदा नेलं ते दिवाळीनंतर. त्या काळात तो उशिरा घरी यायचा. ताट वाढलेलं असायचं. ती म्हणायची, मी मघाशीच जेवले. तो दोन भाकरी खायचा, हात धुवायचा. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता तेव्हा ती उभी राहून त्याच्यासाठी दोन भारी भाकरी थापत होती, आणि तो मोजून खात होता.

"दादा, बसा जरा. पाणी आणू?"

"नको. दुसरा डबा पण करून दे. काय काय लागतं, किती लागतं, सांग."

अंबादासनं बोटं मोजून सांगितलं. शिवदासनं लोड टेस्टच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

पहिली भाकरी तव्यावर टाकताना तीन तुकडे झाली. दुसरी कडेनं फाटली. त्यानं संघमित्राला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डब्याला टेकवून ठेवला.

"पप्पा, पाणी गरम घ्या. आणि असं घाबरत थापू नका, ती काय चावतेय?"

"फाटते गं."

"फाटू दे. फाटलेली पण पोटातच जाते." मग ती म्हणाली, "मी येऊ का आठ दिवस?"

"नको. तू तुझं बघ. तू काय जेवलीस?"

"मी? मी पोहे खाल्ले."

"नुसते पोहे?"

"पप्पा, तुम्ही कधीपासून विचारायला लागलात?" ती हसून म्हणाली. त्याला हसू आलं नाही.

महिनाभरात भाकरी गोल व्हायला लागली. पहाटे पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, मग अंडी उकडायची, मग शेंगदाणे चावत बसायचं. सुरुवातीला एवढं अन्न बघूनच मळमळायचं. तो डबा समोर ठेवायचा आणि औषध घ्यावं तसा खायचा. कधी पोट दुखायचं, मग जान्हवीताई सांगायची, एकदम कोंबू नका, पाच वेळा थोडं थोडं खा. दोन बाटल्यांच्या चार झाल्या. मग शेजाऱ्यांची गव्हाची गोणी त्यानं जिन्यावरून वर आणून दिली. गोणी खाली ठेवली तेव्हा धाप लागली, पण डोळ्यांपुढं अंधारी आली नाही.

दर रविवारी तो गिरणीवरच्या काट्यावर उभा राहायचा. पंचेचाळीस. शेहेचाळीस दोनशे. मग एक आठवडा तिथंच. अंबादास म्हणायचा, "दादा, तुम्ही पण दळण झालात आता."

स्टोअरमध्ये मात्र दिवस सरत नव्हता. बेअरिंगचे खोके, वायरची बंडलं, ट्यूबलाइटचा घुंईं आवाज. मुलुंडहून एका बाईंचा फोन आला, नवीन माणूस येतो, तो बोलतच नाही, तुम्ही कधी येणार? तो म्हणाला, येतो, चार किलोचा प्रश्न आहे. त्यांना काही कळलं नाही.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी अंधेरीच्या ऑफिसात तोच काटा, तेच डॉक्टर. हर्षद आधीच येऊन बसला होता. "काका, येताना लिटरभर पाणी प्यायलात ना?"

"नाही."

"तुम्ही पण ना यार."

शिवदास काट्यावर उभा राहिला. डॉक्टर वाकले.

"एकोणपन्नास सहाशे. झकास, काका. तुमच्या वयात तीन महिन्यांत सहा किलो, तेही नीट चढलंय." त्यांनी दंड दाबून पाहिला. "पन्नास लिहितो. चारशे ग्रॅमनं काय होतंय." आणि त्यांनी लिहिलं.

हर्षदनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारपासून मुलुंड."

शिवदास काट्यावरून उतरला नाही. "साहेब, आहे तेवढंच लिहा."

"अहो, तुमच्या भल्यासाठीच."

"काका, गप बसा ना," हर्षद हळूच म्हणाला.

"नाही. आहे तेवढंच लिहा." त्याचा आवाज चढला नव्हता. "मागच्या वर्षी बायकोला दवाखान्यात नेलं होतं. छातीत जळजळतं म्हणत होती. फॉर्मवर वजन विचारलं. काट्यावर औषधांची खोकी ठेवलेली होती. कोण हलवणार, म्हणून मीच म्हटलं, बावन्न लिहा. तिचं बावन्नच असतं. त्यांनी लिहिलं. पुढच्या वेळी मागचं बघून परत बावन्न लिहिलं. त्याच्या पुढच्या वेळी पण. बावन्न किलोच्या बाईला कोण काय विचारणार? ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांनी मोठ्या हॉस्पिटलात तिला खरं काट्यावर उभं केलं, तेव्हा छत्तीस होती. अन्ननलिका बंद होत आली होती."

हर्षद खाली बघत होता.

डॉक्टर म्हणाले, "मग अजून महिनाभर स्टोअर लागेल. नियमच आहे."

"लागू दे."

डॉक्टरांनी पन्नासवर आडवी रेघ मारली. शेजारी नवा आकडा लिहिला. शिवदासनं वाकून तो वाचला. पॉइंटच्या पुढचा सहा नीट दिसतोय ना, ते पाहिलं. मग तो उतरला आणि मागच्या माणसासाठी काटा मोकळा करून दिला.